नंदाच्या नावावरची साखर

लखनौच्या तेलीबागेतल्या त्या गल्लीत एक गोष्ट लहानथोरांना पाठ होती: नंदाभाभींना शुगर आहे. हळदीकुंकवात कोणी तिळाचा लाडू पुढे केला की दुसरीच कोणीतरी मध्ये हात घालायची, "अरे, इनको मत दो, शुगर है बेचारी को." मलिहाबादहून दसहरीची पेटी आली की तिचा नवरा सुभेदार दत्तात्रय मांडी घालून चार आंबे चोखायचा आणि नंदा एक फोड घेऊन बसायची. तीही लोकांदेखत अर्धी परत ठेवायची. वरच्या मजल्यावरच्या मिश्राइनबाईंनी तर चार वर्षांत तिला कारल्याचा रस, मेथीचं पाणी, जांभळाच्या बियांची पूड, जे जे कोणी सांगेल ते पाजलं होतं. नंदा ते निमूट प्यायली होती.

गंमत अशी, की नंदाला साखर नव्हतीच.

साखर होती तिच्या नवऱ्याला.

चार वर्षांपूर्वी दत्तात्रय रात्रंदिवस पाणी प्यायला लागला, सहा किलो वाळला, तेव्हा नंदानंच त्याला ओढून बाजारातल्या एका लॅबमध्ये नेलं. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "नाम?"

"नंदा," दत्तात्रय म्हणाला.

त्या माणसानं मान वर करून त्याच्या मिशांकडे पाहिलं. "साहब, ये नाम तो…"

"लिख दो यार. फीमेल, बयालीस साल. खून ही तो लेना है, शादी थोड़ी करनी है."

तो माणूस हसला, दत्तात्रय हसला. नंदालाही तेव्हा थोडं हसू आलं होतं, हे कबूल केलं पाहिजे.

हे खोटं का? तर फौजेत दर वर्षी मेडिकल होतं. सगळं ठाकठीक निघालं तर माणूस 'शेप वन', काही निघालं की कॅटेगरी खाली. आणि कॅटेगरी खाली गेली की सुभेदार मेजरच्या बढतीच्या यादीत नाव येणार नाही, हे दत्तात्रयच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मग काय, रिपोर्ट नंदाच्या नावावर, रायबरेली रोडवरच्या एका क्लिनिकची चिठ्ठी नंदाच्या नावावर, गोळ्या नंदाच्या डब्यात. क्लिनिकच्या डॉक्टरांनी एकदा विचारलंसुद्धा, "मॅडम खुद क्यों नहीं आतीं?" तेव्हा यानं सांगितलं, "शरमाती हैं." मेडिकलच्या आधी पंधरा दिवस भात बंद, चपाती एक, पहाटे आठ किलोमीटर पळणं, गोळ्या दुप्पट. की निघालाच साहेब पास!

"नंदा, तुझी जीभ घसरली तर माझी सव्वीस वर्षं घसरली म्हणून समज," तो म्हणायचा. धाकटा भाऊ इंद्रजित, तोही लखनौमध्येच हवालदार, त्याला हे माहीत होतं. पोरीला, उत्कर्षाला, मात्र नव्हतं. तिच्या लेखी आजारी होती ती मम्मी.

जानेवारीत धुकं उतरलं आणि त्याच्याबरोबर ताप. दत्तात्रयला आधी कणकण, मग खोकला, मग अंग असं तापलं की पांघरुणाला चटका बसावा. मेडिकल स्टोअरवाल्यानं पाच दिवसांची पुडी बांधून दिली. तिच्यात एक छोटी पांढरी गोळी होती. ती घेतली की दोन तासांत घाम फुटायचा, ताप उतरायचा आणि साहेब उशीला टेकून म्हणायचे, "बघ, झालो की नाही फिट?" संध्याकाळी पुन्हा तेच. जेवण जवळपास बंद होतं. साखरेच्या गोळ्या मात्र नेमानं चालू होत्या. गोळी चुकवायची नाही, ही शिस्त!

चौथ्या दिवशी नंदा कमरेवर हात देऊन उभी राहिली. "अहो, युनिटच्या दवाखान्यात चला. एमआय रूम काय वाघाची गुहा आहे?"

"गेलो की पहिली सुई टोचतील. रक्त घेतील. मग?"

"मग बरे व्हाल."

"आणि यादी? मार्चमध्ये लागतेय. दोन महिने कळ काढ, नंदा."

तिनं कळ काढली. इथेच ती चुकली, आणि पुढे आयुष्यभर तिनं ही चूक कोणापासून लपवली नाही.

सहाव्या दिवशी सकाळी दत्तात्रयला संडासातून पलंगापर्यंत येता येईना. ओठ जांभळे पडले. इंद्रजितनं गाडी आणली आणि अकरा वाजता ते लष्करी इस्पितळात पोचले. ऑक्सिजन ब्याऐंशी. एक तरुण कॅप्टन डॉक्टर फॉर्म घेऊन आला. "कोई पुरानी बीमारी? शुगर, बीपी? रोज़ की कोई दवा?"

मास्कच्या आतून दत्तात्रयला बोलता येत नव्हतं. त्यानं नंदाचं मनगट धरलं आणि दाबलं. मागून इंद्रजित म्हणाला, "कुछ नहीं सर. एकदम फिट आदमी हैं. शेप वन."

डॉक्टरनं नंदाकडे पाहिलं.

"हं," नंदा म्हणाली.

चार वर्षांचं खोटं त्या एका हुंकारात मावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला व्हेंटिलेटरवर घ्यावं लागलं. घशातल्या नमुन्याची तपासणी आली होती: फ्लूचा विषाणू, दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया. आयसीयूच्या बाहेर लाकडी बाकावर नंदा, उत्कर्षा आणि इंद्रजित ओळीनं बसले होते. तिथल्या डॉक्टर होत्या मेजर मालिनी. मूळच्या नागपूरच्या. नंदाची मराठी ऐकून त्या मराठीतच बोलायला लागल्या, आणि त्या आवाजानं नंदाला बरं वाटायच्या ऐवजी जास्तच भीती वाटली. परक्या भाषेत खोटं बोलणं तिला सोपं गेलं होतं.

"वहिनी, खरं सांगू?" इंद्रजित कुजबुजला. "मशीन लागली म्हणजे खेळ संपला. गावाकडं फोन करून ठेवतो."

मालिनी मॅडमनं ते ऐकलं. "हवालदार साहेब, फोन ठेवा खिशात. मशीन माणसाला मारत नाही. त्याचा श्वास उचलून धरते, म्हणजे शरीराला लढायला सवड मिळते."

"पण मॅडम, मशीनवर गेलेली माणसं…"

"जातात. खूप जातात. का जातात, ते ऐकायचंय?" त्या बाकासमोर उभ्या राहिल्या. "काहींचं वय झालेलं असतं, तिथे आमचं चालत नाही. काही फार उशिरा येतात. घरी पाच-सहा दिवस काढून, कोणीतरी दिलेल्या स्टेरॉइडनं ताप दाबून. ताप दबतो, आजार आत पसरत राहतो. काहींना साखर असते, किडनी आधीच थकलेली असते. मग वरून दुसरा जंतू शिरतो. यातलं जे मला ठाऊक असतं, त्याच्याशी मी झगडते. जे ठाऊक नसतं, ते माझ्या पाठीमागून वार करतं."

नंदा पदराचं टोक पिळत बसली.

"आता तुमच्या साहेबांचंच बघा. प्रेशर उतरतंय. लघवी कमी झालीय. रक्तात आम्ल वाढत चाललंय, आणि का, ते मला कळत नाहीये. साखर थोडी वर आहे, पण एवढ्या आजारात ती कोणाचीही चढते. त्यानं याचा उलगडा होत नाही. संध्याकाळपर्यंत हे आम्ल आवरलं नाही, तर…"

नंदा उठायला गेली आणि भिंत तिच्या अंगावर आली.

उत्कर्षानं आईला सावरलं. "मैम, मम्मी डायबिटिक हैं! कल से कुछ खाया नहीं, दवा भी नहीं ली. मैं इनकी फाइल लेकर आई हूँ, प्लीज़ देख लीजिए." ही पोर बापाच्या उशाशी यायच्या आधी घरी जाऊन आईचा डबा आणि आईची फाइल घेऊन आली होती.

सिस्टरनं बोटाला सुई टोचली. यंत्रात आकडा आला: शहाऐंशी.

मालिनी मॅडमनं आकडा पाहिला. मग नंदाकडे पाहिलं. "किती वर्षांची साखर?"

"चार साल," उत्कर्षानंच सांगितलं.

"आणि दोन दिवस गोळी नाही. तरी निरोगी माणसासारखी शहाऐंशी?"

इंद्रजित ताडकन उठला. "मॅडम, वहिनी घाबरल्यात. त्यांना आत्ता काही कळत नाहीये. मी त्यांना घरी सोडून येतो."

काही कळत नाहीये!

आता हे वाक्य तुम्हीआम्ही किती वेळा ऐकलंय. बाईच्या तोंडून खरं निघायच्या बेतात असलं की नेमकं तिला काही कळेनासं होतं. नंदा चार वर्षं कडू रस प्यायली, भरल्या ताटावरून उठली, पोटच्या पोरीशी खोटं बोलली, तेव्हा तिला सगळं कळत होतं. आता आत तिचा माणूस आम्लात विरघळत होता आणि आता तिला काही कळत नव्हतं?

"मला कळतं, भाऊजी!" तिचा आवाज त्या लांबलचक पडवीत घुमला. ड्यूटीवरचा शिपाईसुद्धा वळून बघायला लागला. "इथे बसलेल्या सगळ्यांत मलाच कळतं!"

"वहिनी, दादानं सांगितलंय…"

"दादानं सांगितलं तेव्हा दादाला श्वास घेता येत होता. आता तो मशीन घेतेय. आता मी सांगते ते ऐका!"

तिनं उत्कर्षाच्या बॅगेतून फाइल ओढून काढली आणि मालिनी मॅडमच्या हातात दिली.

"हे घ्या. नाव माझं आहे, रक्त त्यांचं आहे. चार वर्षांची साखर आहे त्यांना. ही चिठ्ठी, या गोळ्या. पोटात अन्न नव्हतं तरी परवा सकाळपर्यंत घेतल्यात. आणि मेडिकलवाल्यानं दिलेली छोटी पांढरी गोळी, ती पाच दिवस. तीच ताप दाबणारी असेल. काल मी डॉक्टरांना काही नाही म्हणाले. ते खोटं होतं. लिहून घ्या. माझी सही हवी तर सही घ्या!"

मालिनी मॅडम चिठ्ठीवरच्या एका नावाशी थांबल्या. "ही गोळी? जेवण बंद असताना?" आणि त्या वळल्यासुद्धा. "सिस्टर, कीटोन तपासा, आत्ताच्या आत्ता! इन्सुलिन तयार ठेवा, ग्लुकोजची बाटलीही!"

दार झुलत राहिलं.

नंतर त्यांनी समजावून सांगितलं. साखरेच्या काही गोळ्या अशा असतात की जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. एरवी चांगलं औषध. पण माणूस उपाशी, तापानं फणफणलेला असताना ती चालू राहिली तर रक्तात आम्ल साचू शकतं, आणि तपासणीत साखरेचा आकडा मात्र फार मोठा दिसत नाही. म्हणजे चोर घरात, पण दाराला कुलूप जसंच्या तसं. "एक-दोन तपासण्यांनंतर आम्ही तिथवर पोचलो असतो कदाचित," त्या म्हणाल्या, "पण ते एक-दोन तास त्यांच्याकडे होते की नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही."

पण ते नंतर. तेव्हा बाकापाशी इंद्रजित लालबुंद होऊन उभा होता. "वहिनी, संपवलंत तुम्ही दादाचं करिअर. आता रेकॉर्डवर गेलं सगळं."

"जाऊ दे की! रेकॉर्डवर गेलेला जिवंत माणूस मला चालेल. शेप वनचा मुडदा घेऊन मी काय करू, भाऊजी? दारावर पाटी लावू?"

इंद्रजित मटकन बाकावर बसला. तो वाईट माणूस नव्हता. भावाचं भलं कशात आहे, याचा हिशेब तो भावाच्याच चष्म्यातून करत होता, एवढंच.

उत्कर्षा मात्र खाली फरशीवर बसली होती. "मम्मी… आपको शुगर नहीं है?"

"नाही, बाळा."

"कभी नहीं थी?"

"कधीच नाही."

पोरगी आधी हसली आणि मग तिला असा हुंदका फुटला की नंदाला ते रडणं सोसवेना.

पुढचे दिवस सोपे नव्हते. संध्याकाळी आम्ल उतरू लागलं, पण किडनीनं मान टाकली होती. तीन वेळा डायलिसिस करावं लागलं. आठव्या दिवशी छातीत दुसरा जंतू शिरला, औषधं बदलावी लागली. गळ्याला छेद देऊन नळी बसवली. शेजारच्या खाटेवरचे दोघे त्या काळात गेले. त्यातल्या एकाच्या घरच्यांनी सगळं पहिल्या दिवसापासून खरं सांगितलं होतं, तरी तो गेला. नंदानं त्याच्या बायकोला पाणी दिलं आणि तिच्या लक्षात आलं, खरं बोललं की माणूस वाचतोच असा काही करार नाही. पण डॉक्टरांच्या हातात आंधळ्याची काठी देऊन त्यांना लढायला पाठवायचं नाही, एवढं तरी आपल्या हातात असतं.

विसाव्या दिवशी मशीन काढली. दत्तात्रय जागा होता, पण गळ्यातल्या नळीमुळे आवाज नव्हता. सिस्टरनं पाटी दिली. खाटेच्या पायथ्याशी लटकवलेला, 'शुगर, चार वर्षं' असं लिहिलेला कागद त्यानं वाचला होता. त्यानं पहिला शब्द लिहिला: 'कोणी?'

"मी," नंदा म्हणाली.

त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. दोन दिवस फिरवलेलं ठेवलं. नंदा रोज येऊन त्याचे पाय चेपायची, नखं कापायची आणि त्या फिरवलेल्या पाठीशी बोलायची. "रुसा. रुसायला जीव लागतो, तो आहे तुमच्यात, बरं वाटतं बघून. पण एक ऐकून ठेवा. चार वर्षं तुमचा आजार मी अंगावर वागवला. आता उतरवून ठेवलाय. पुन्हा घालणार नाही. तुमचा आहे, तुम्ही घाला. माफी मागायची तर मी त्या पहिल्या दिवसाच्या 'हं'ची मागेन. खरं बोलल्याची नाही!"

तो वळला नाही. त्याला वळवलं ते पोरीनं.

तिसऱ्या दिवशी उत्कर्षा आली. पलंगाला वळसा घालून बरोबर भिंतीच्या बाजूला, त्याच्या तोंडासमोर जाऊन उभी राहिली. "पापा, आपको पता है, चार साल से मैं रात को उठकर देखती थी, मम्मी की साँस चल रही है कि नहीं? बीएससी में भी इसीलिए गई, कि मम्मी की बीमारी समझूँ. मम्मी कहीं देर करतीं तो मेरा पेट दुखता था." ती पलंगाच्या कठड्यावर वाकली. "मैं ग़लत इंसान के लिए डरती रही, पापा. और जिसके लिए डरना था, उसके बगल में बैठकर टीवी देखती रही. आपने मुझसे मेरा डर भी छीन लिया."

सव्वीस वर्षं बर्फात, वाळूत काढलेला तो माणूस. त्याच्या डोळ्यांतून पाणी घरंगळत कानात गेलं. त्यानं चाचपडत पाटी घेतली. खूप वेळ लागला लिहायला.

'चुकलो. दोघींचा अपराधी.'

नंदानं पाटी वाचली, पदरानं त्याचे कान पुसले आणि म्हणाली, "अक्षर सुधारा आधी. मग बघू माफीचं."

मार्चमध्ये यादी लागली. तिच्यात दत्तात्रयचं नाव नव्हतं. मेडिकल बोर्डानं कॅटेगरी खाली आणली, आजार लपवल्याबद्दल वर बोलावून खडसावलंही. खोटं कशाला सांगावं, त्याला लागलं ते. पण नोकरी गेली नाही. स्टोअरमधलं बसून करायचं काम मिळालं, दर महिन्याला तपासणी आणि औषधं मिळाली. ज्या दाराला तो चार वर्षं घाबरला, त्या दाराआड एवढंच होतं.

एप्रिलमध्ये युनिटचा हवालदार विश्वजित भेटायला आला. वयानं चाळिशीचा, अंगानं भारदस्त, दोन जिने चढून धापा टाकत. पाणी पिऊन, चहाचा कप हातात आल्यावर त्यानं हळहळ व्यक्त केली, "साहेब, यादीत पहिलं नाव लागणार होतं तुमचं. वहिनींनी जरा दम धरायला हवा होता."

स्वयंपाकघरात नंदाचा हात थांबला. ती उत्तर द्यायला बाहेर यायच्या आधीच दत्तात्रयचा घोगरा, अजून न सावरलेला आवाज आला.

"विश्वजित, त्या आठवड्यात माझं नाव दोन याद्यांत होतं. एक तुझ्या डोळ्यांसमोरची. दुसरी आयसीयूतली. हिनं दुसरीतून काढलं. तुझी वहिनी दम धरून बसली असती, तर तू आज इथे चहाला आला नसतास, बाराव्याला आला असतास."

विश्वजित खाली बघू लागला.

"धाप लागते तुला," दत्तात्रय म्हणाला. "कधीपासून?"

"नाही साहेब, जिने जरा…"

"बीपी का?"

विश्वजित कपाशी चाळा करू लागला.

"गोळ्या कोणाच्या नावावर आहेत?"

विश्वजितनं कप खाली ठेवला. मग अगदी हळू म्हणाला, "आईच्या."

"उद्या सकाळी आठला एमआय रूम. मी येतो बरोबर."

"साहेब, मेडिकल जूनमध्ये आहे, त्यानंतर…"

"त्यानंतर नाही!" दत्तात्रयला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर त्यानं शर्टाचं वरचं बटण काढलं आणि गळ्यावरचा वण विश्वजितला दाखवला. "हे बघ. मीसुद्धा 'यादीनंतर' म्हणालो होतो."

दुसऱ्या दिवशी आठला दोघे गेले. विश्वजितची आई आता बिनघोर मिठाचं लोणचं खाते म्हणे.

तर वाचकहो, व्हेंटिलेटरला उगीच यमदूत म्हणू नका. विषाणूचा आजार कोणालाही होईल, आणि बळावला तर मशीनही लागेल. त्या मशीनवरचा माणूस तगतो की जातो, यातलं बरंच काही आपल्या हातात नसतं. पण किती दिवस घरी काढले, दुकानातून आणून काय गिळलं, कोणता जुना आजार आहे आणि तो खरोखर कोणाचा आहे, एवढं सांगणं आपल्या हातात असतं. ते यादीसाठी, लग्नासाठी, लोकांसाठी, कोणाच्याही धाकानं लपवू नका. आणि घरातल्या बायांनो, तुम्हाला खास सांगणं. डॉक्टर विचारतील तेव्हा कोणीही मनगट दाबू दे. हात सोडवून घ्या आणि बोला!